माटोळीची साक्ष

आज सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवून पाव देऊन गेला. ते मेजावर ठेवून मी पाठीमागचे जनेल उघडले, तर सड्याच्या, म्हणजे गावावरच्या पठाराच्या, कडेला गुलाबी रंगाची एक पुसट रेघ उमटलेली होती. कालपर्यंत तेथे केवळ हिरवे होते. तेरडा आला होता. मी पत्नीला, सुलभेला, हाक मारून ती रेघ दाखविली. तिने पदराला हात पुसत पाहिले आणि म्हणाली, "बरे झाले. आता चार दिवस तरी तुम्ही कोणावर रागावणार नाही."

हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. तेरडा फुलतो त्याच दिवसांत माझा राग विशेष प्रखर असतो, कारण त्याच दिवसांत माणसे चारचाकी गाड्या थेट फुलांवर घालतात. परवाच मी पंचायतीला त्याविषयी पत्र पाठविले आहे. त्याला उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जाईल. तरीही सुलभेचे म्हणणे मी अगदीच फेटाळणार नाही. सड्यावर तेरडा दिसला की माझ्या मनात रागाच्या शेजारी दुसरे काहीतरी येऊन बसते, आणि रागाला थोडे सरकून त्याला जागा द्यावी लागते. त्या दुसऱ्या गोष्टीविषयी मला आज लिहायचे आहे.

आमचे गाव पेडणे तालुक्यात, पार्से मागे टाकून चढण लागली की येते. गाव खाली, माड आणि काजूंच्या सावलीत. आणि वर सडा. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांना तो समजावून सांगणे कठीण आहे. जांभ्या दगडाचे ते एक विस्तीर्ण, उघडे पठार आहे. होळीनंतर तेथे उभे राहिले तर काळ्या-तांबड्या दगडाशिवाय काही दिसत नाही, आणि पायाखालची उष्णता चपलेतून वर येते. मात्र श्रावणात त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचते, बोटभर माती कोठून तरी जमते, आणि त्या मातीत इतकी इवली फुले येतात की उभ्या माणसाला ती दिसतसुद्धा नाहीत; त्याला केवळ एक निळसर धुके जमिनीलगत पसरल्यासारखे वाटते. त्या निळ्या फुलांना सीतेची आसवे म्हणतात. त्यांच्या मुळाशी किडे पकडण्याच्या बारीक पिशव्या असतात, हे मला फार उशिरा कळले. इतक्या नाजूक जिवाने असा उद्योग करावा, याचे मला आजही नवल वाटते.

डिचोलीच्या न्यायालयात मी कारकून म्हणून लागलो आणि मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालो. माझे आयुष्य कागदावर गेले. कागदाशी खोटे वागलेले मला सहन होत नाही, आणि म्हणून काही वर्षांपूर्वीच्या आषाढात पंचायतीच्या फलकावर लागलेली सूचना वाचताना माझा चष्मा धुकटला. सड्यावर 'निसर्गदर्शन स्थळ' उभारण्याचे घाटत होते. वरपर्यंत डांबरी रस्ता, गाड्या लावण्यासाठी सपाट केलेला तळ, लोखंडी कठडे, फोटो काढून घेण्यासाठी सिमेंटचे एक भले मोठे हृदय. आणि जमिनीचे वर्णन, सरकारी उताऱ्याच्या आधाराने : खडकाळ, पडीक, विनावापर. हरकती असल्यास लेखी कळवाव्यात.

खडकाळ, मान्य. परंतु पडीक? ज्या जागेवर आमच्या गावाचा सगळा भाद्रपद उगवतो तिला पडीक म्हणणारा माणूस भाद्रपदात तेथे गेलाच नव्हता, हे उघड होते. निसर्ग दाखविण्यासाठी प्रथम निसर्गावर यंत्र फिरवायचे, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याविषयी मी त्या रात्री जे लिहिले ते सुलभेने सकाळी वाचले आणि म्हणाली, "अहो, हे पाठवलेत तर हरकत राहील बाजूला, तुमच्यावरच खटला होईल." मी पुन्हा लिहिले. सभ्य, मुद्देसूद, परिच्छेदांना क्रमांक दिलेले. परंतु पुराव्याशिवाय हरकत म्हणजे नुसता संताप, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मला फोटो हवे होते.

येथे विलासचा प्रवेश होतो.

विलास हा आमचा भाडेकरू. गडहिंग्लजकडचा, चाळिशीतला, धारगळच्या बाजूला एका कारखान्यात यंत्रावर कामाला. आमच्या मागच्या खोलीत तो बायको आणि दोन मुलींसह राहत असे. त्याच्या मोटारसायकलीच्या जागेवरून मी त्याला लेखी नोटीस दिलेली होती, आणि त्याने ती घडी घालून पाकिटात ठेवली होती, विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की काका, गावाकडं दाखवतो. मला आजवर कुणी एवढ्या मानानं 'श्रीयुत' म्हणलं न्हाई." त्याला एकच व्यसन होते, फोटोंचे. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून तो पहाटेच बाहेर पडे, आणि परत येऊन स्वतःच्याच फोटोंचे असे कौतुक करी की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. "बघा, बघा काका. ह्यो उजेड बघा. आता असला फोटो दुसरा कोण काढंल?"

मी त्याला माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, "उद्या पहाटं चला. पण ती छत्री आन् फायल घरी ठेवा."

त्या पहाटा मी विसरणार नाही. आम्ही चढण चढून वर जात असू तेव्हा खाली शापोरा नदीवर धुके झोपलेले असे, आणि सड्यावर वाऱ्याखेरीज कोणी जागे नसे. मग एखादी टिटवी आम्हांला पाहून ओरडत उठे आणि चंडोल गात गात वर चढत जाई, इतका वर की तो दिसेनासा होऊन गाणे मात्र उरे. खळग्यांतल्या पाण्यात आकाशाचे तुकडे पडलेले असत. मी जन्मभर याच गावात राहिलो, परंतु सड्यावर मी नेहमी कामासाठी गेलो होतो. पलीकडच्या गावी जाण्यासाठी, हरवलेली गाय शोधण्यासाठी. काही काम नसताना केवळ पाहण्यासाठी मी तेथे प्रथमच उभा होतो, आणि हात कोठे ठेवावेत हे मला कळत नव्हते.

पहिल्याच दिवशी विलास दगडावर पोत्याचे फडके पसरून पालथा पडला आणि डोळा कॅमेऱ्याला लावून स्वस्थ राहिला. थोड्या वेळाने, मान न वळवता म्हणाला, "काका, उभं ऱ्हाऊन काय दिसनार? पडा की पालथं."

"माझे गुडघे पडू देतील. उठू देणार नाहीत."

"उठवायला मी हाय न्हवं? पडा."

मी पडलो. निवृत्त मुख्य कारकून, धोतर सावरीत, भर सड्यावर पालथा. आणि जे धुके मी जन्मभर धुके म्हणून पाहत आलो होतो ते फुले झाले. प्रत्येक फुलाला ओठ होता, प्रत्येक ओठावर पांढरा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यावर, माझ्या नखाहून लहान, दवाचा एकेक थेंब. पलीकडे गेंद नावाच्या रानफुलाची पांढरी बोंडे एखाद्या सभेसारखी दाटीने उभी होती. एक मुंगी त्या गर्दीतून अत्यंत महत्त्वाच्या कामाला निघाल्यासारखी चालली होती. मला तिच्यात माझी ओळख पटली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. उठवताना विलासने माझ्या काखेत हात घातले आणि म्हणाला, "काका, तुमी हसताय."

मी ते नाकारले.

सुनावणी पंचायतीच्या सभागृहात झाली. पणजीहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. मूळच्या डिचोलीकडच्या, मोजके बोलणाऱ्या, पाण्याचा पेलाही सरळ रेषेत ठेवणाऱ्या. प्रकल्पाच्या वतीने एक तरुण सल्लागार आला होता. मी विलासचे फोटो मोठे करून घेतले होते. धुक्यातली नदी, फुलांनी भरलेला सडा, दवाचा थेंब. ते मी एकेक करून मेजावर मांडले तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली, आणि मला जिंकल्यासारखे वाटले.

सल्लागाराने ते हातात घेऊन नीट पाहिले. "काका, हे फोटो आम्हाला द्याल का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात उपहास नव्हता. असता तर बरे झाले असते. "आमच्या अहवालात इतके चांगले फोटो नाहीत. इतकी सुंदर जागा आहे, तर ती लोकांना पाहायला मिळू नये का? म्हाताऱ्या माणसांना, मुलांना? त्यांच्यासाठीच तर रस्ता."

माझ्याच साक्षीदारांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. सौंदर्य ही कायद्याच्या दृष्टीने हरकत होत नाही, उलट ते रस्त्याचे निमंत्रण होते, हे मला तेथे उभ्या उभ्या कळले.

मग बाईंनी विचारले, "गावातले लोक या जमिनीचा काही वापर करतात का? शेती, चराई, काही?"

आणि येथे आमच्या गावाने जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेती नाही. चराई पूर्वी होती, आता गुरे उरली नाहीत. शेवटी आनंदीबाय बोलली. ती आमच्या शेजारची. सत्तरी उलटलेली, तोंडाने तिखट, आणि वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, तिचा शब्द चालतो. ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सडो तो, बाय. ताचो कसलो वापर? कोणूच वापरीना."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंनी ते लिहून घेतले. चतुर्थीनंतर त्या जागेची पाहणी करतील आणि मग निर्णय देतील, असे सांगून त्या निघून गेल्या.

घरी येताना मी विलासच्या दहा पावले पुढे चाललो. अंगणात आल्यावर मात्र मला आवरले नाही. "तुझे फोटो फितूर झाले," मी म्हणालो. त्याचे तोंड पडले. त्याने कॅमेरा गळ्यातून काढला आणि तो आपल्या खोलीत गेला. सोप्यावर बसून आनंदीबाय हे ऐकत होती. "भाई, त्या गरिबावर कित्या वराडतंस?" ती म्हणाली. "तू कितें लिवतंस तें लिव, फोटो काढतंस ते काढ. सडो कागदार दिसना."

ते दिवस वाईट गेले. पहाटे जाग येई आणि जनेलातून सडा दिसे. पुढल्या वर्षी या वेळेला तेथे कठडे असतील, या विचाराने मी पाठ फिरवून पडून राही. तेरडा त्या वर्षी नेहमीपेक्षा गडद आला होता. मला तो पाहवत नव्हता.

चतुर्थी आली. विलासची बायको मुलींना घेऊन गावाकडच्या गणपतीला गेली. त्याला कारखान्याने रजा दिली नाही. सुलभा मला म्हणाली, "सणाच्या दिवशी तो पोर एकटा खोलीत बसणार असेल तर मी नेवऱ्या तळणार नाही." चाळिशीच्या माणसाला ती पोर म्हणत होती, परंतु मुद्दा योग्य होता, आणि नेवऱ्यांशिवाय, म्हणजे करंज्यांशिवाय, चतुर्थी मला परवडणारी नव्हती. मी त्याला बोलवायला गेलो. तो लगेच आला, जणू दाराआड उभाच होता.

मी माटोळी बांधत होतो. आमच्याकडे गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळे, फुले, पाने, शेंगा बांधतात. तिला माटोळी म्हणतात. ती नसेल तर मखर कितीही झगझगीत असो, गणपती उघड्यावर बसल्यासारखा वाटतो. मी स्टुलावर उभा होतो, आनंदीबाय आपल्या टोपलीतून एकेक वस्तू वर देत होती, आणि विलास खाली उभा राहून मान वर करून पाहत होता. आमच्या घरातली माटोळी त्याने कधी पाहिली नव्हती. दरवर्षी तो गावाला जात असे.

"काका," तो म्हणाला, "देवाच्या डोस्क्यावर ह्यो बाजार का टांगलाय?"

"बाजार न्हय रे, माटोळी ती," आनंदीबाय म्हणाली.

"आन् आजी, ही लाल लाल फळं कुठनं आनली?"

"कवंडाळां ती. सड्यावयल्यान."

"ह्या वाजणाऱ्या शेंगा?"

"घागऱ्यो. सड्यावयल्यान."

"आन् काका ज्यानं बांधायलेत ती साल?"

"केवण. ती पण सड्यावयल्यानच. तुका दुसरो प्रश्न येना?"

विलासने खाली पडलेली एक शेंग उचलून वाजवली. मग म्हणाला, "येतोय की. मग त्या बाईनला तुमी असं का सांगितलं, सडा कुणीच वापरत न्हाई म्हणून?"

आनंदीबायने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "तो वापर काय रे? तो गणपतीचो."

माझ्या हातातली केवणीची साल तशीच राहिली. मी स्टुलावर होतो, डोक्याला कवंडाळे लागत होती, आणि ज्या शब्दावर माझी सारी नोकरी गेली तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता : वहिवाट. पिढ्यान्‌पिढ्या, उघडपणे, कोणाची परवानगी न घेता, हक्काने. गावातले प्रत्येक घर दरवर्षी सड्यावर जाते आणि प्रत्येक घराच्या छताला तो सडा टांगलेला असतो. आम्ही त्याला वापर म्हटले नाही, कारण देवासाठी जे करायचे त्याला आम्ही काम मानीत नाही.

"विलास," मी म्हणालो, "कॅमेरा आण."

आता एक अडचण सांगितली पाहिजे. चतुर्थीच्या दिवशी घरोघर दर्शनाला जाण्याची आमची रीत आहे. परंतु गेली काही वर्षे मी गेलो नव्हतो, कारण वाड्यावरच्या बहुतेक घरांविरुद्ध माझे एखादे पत्र कोठे ना कोठे पडलेले होते. गोकुळदासच्या ध्वनिक्षेपकाविषयी. नायक बंधूंनी गटारावर घातलेल्या पायरीविषयी. कोणाच्या कुत्र्याविषयी, कोणाच्या सांडपाण्याविषयी. ही सर्व पत्रे रास्त होती आणि त्यांतला एकही शब्द मी मागे घेत नाही. ती पायरी आजही बेकायदेशीर आहे. परंतु अशा माणसाने कॅमेरावाला सोबत घेऊन दारात उभे राहायचे, म्हणजे काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

पहिले घर गोकुळदासचे. तो सोप्यावर होता. मला पाहून त्याने ध्वनिक्षेपक बंद केला. नंतर त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली. "भाई, ह्यो फोटो तक्रारीक काय?"

"नाही. माटोळीचा हवा आहे. सड्यासाठी." मी त्याला सगळे सांगितले. बोलताना माझा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

तो ऐकत राहिला. मग आत वळून ओरडला, "अगो, भाई इलो, नेवऱ्यो हाड." आणि विलासला म्हणाला, "बरो काढ हां. थांब, लायट लावतंय." त्याने स्वतः स्टूल आणले, आणि कोणती वस्तू सड्यावर नेमकी कोठून आणली हे एकेका फळाला हात लावून सांगितले. जाताना हसून म्हणाला, "भाई, आता म्युझिक सुरू करू मां? का अर्ज करू?"

नायकांच्या घरी त्या बेकायदेशीर पायरीवरून मला हात धरून वर घेतले. धाकटा नायक म्हणाला, "सांबाळून, भाई. गटार आसा खाली. पायरी नसती तर पडलो असतस." प्रत्येक दारात हाच प्रकार. प्रत्येक घरात वर पाहिले की सडा टांगलेला : कोठे घागऱ्या वाऱ्याने खुळखुळत होत्या, कोठे तेरड्याची आख्खी पेंडी, कोठे कवंडाळांची माळ. वास सगळीकडे तोच. ओल्या सालीचा, उदबत्तीचा, तळणाचा. विलास फोटो काढी आणि घरचे लोक नव्या कपड्यांत, माटोळीखाली, वर बोट दाखवून उभे राहत. त्या फोटोंत सूर्योदय नव्हता, धुके नव्हते. माझ्या मते ते त्याने काढलेले सर्वांत सुंदर फोटो आहेत. हे मी त्याला सांगितले तेव्हा प्रथमच तो स्वतःची स्तुती करायला विसरला.

पोटात नेवऱ्यांसाठी जागा उरली नाही, आणि ज्यांच्याविषयी मी इतके लिहिले त्या माणसांकडे मी किती दिवसांत पाहिलेच नव्हते, हा विचार मात्र घरी येईपर्यंत सोबत चालत राहिला. माझे लिहिणे चूक नव्हते. परंतु मी त्यांना उभ्यानेच पाहत आलो होतो.

पाहणीच्या दिवशी मी एकटाच फाईल घेऊन जाणार होतो. वर पोहोचलो तर अर्धा वाडा आधीच तेथे होता. कोणी निरोप दिला हे मला आजही कळलेले नाही. माझा संशय गोकुळदासवर आहे. मी पुढे केलेले माटोळीचे फोटो अधिकारी बाईंनी एकेक करून पाहिले. बराच वेळ पाहिले. सल्लागार म्हणाला, "मॅडम, सुनावणीत यांनीच सांगितले होते, वापर नाही म्हणून. ते नोंदलेले आहे. आणि फुले काय, दोन महिन्यांची. बाकी वर्ष नुसता खडक."

बाई फोटोंवरून नजर न उचलता म्हणाल्या, "तुमच्याकडे माटोळी बांधतात ना?"

"हो, मॅडम. आम्ही साखळीचे."

"त्यातली रानची फळे कोठून आणता?"

"आई आणते. डिचोलीच्या बाजारातून."

"आणि बाजारात ती कोठून येतात?"

त्याची नजर नकळत आनंदीबायच्या टोपलीकडे गेली.

"म्हाका कित्या बघतंस?" आनंदीबाय म्हणाली. "चवथीच्या बाजारात मिया दरवर्सा बसतंय. तुज्या आवशीक मियांच दिली आसतली."

सगळे हसले. तोही हसला, मान खाली घालून. आणि तेव्हापासून मला त्याच्याविषयी राग धरता आलेला नाही, हे येथे नमूद करतो. बाईंनी मात्र चेहरा सरळ ठेवला. "सुनावणीत तुम्ही वेगळे सांगितले होते," त्या आनंदीबायला म्हणाल्या.

"तुमी वापर विचारलो, बाय. गणपतीचा विचारूक नाय."

त्यांनी तेही लिहून घेतले. निर्णय लेखी कळेल, इतकेच बोलून त्या निघाल्या. उतरण लागण्यापूर्वी त्या एका खळग्यापाशी थांबल्या आणि वाकून काहीतरी पाहिले. काय पाहिले ते मी विचारले नाही.

आदेश दिवाळीच्या सुमारास आला. सड्यावर यंत्र लावण्यास मनाई. गावाची वहिवाट मान्य. रस्ता आणि गाड्यांचा तळ खाली, चढणीच्या पायथ्याशीच. वर जायचे त्याने पायवाटेने चालत जावे. मी तो सोप्यावर उभा राहून सर्वांना मोठ्याने वाचून दाखविला. त्यात भाषेच्या दोन ढोबळ चुका होत्या. त्यांविषयी मी पत्र लिहिले नाही.

सल्लागाराच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ नंतर सुचले. इतकी सुंदर जागा लोकांना पाहायला मिळू नये का? मिळावी. अवश्य मिळावी. आता दर भाद्रपदात पुण्याहून, बेळगावहून, कोठून कोठून माणसे कॅमेरे घेऊन येतात, आणि त्यांतली बहुतेक चांगली असतात. ज्याला चढवत नाही त्याला वाड्यावरचे कोणीतरी हात देते. परवा एका वृद्ध बाईंना नायक बंधूंनी खुर्चीवर बसवून वर नेले. ज्या थोड्या लोकांना पायवाटेची अट स्वतःसाठी नाही असे वाटते, त्यांच्यासाठी माझी लेखणी आहे. काल एक तरुण जोडपे उभ्या उभ्या फोटो काढून परत निघाले होते. मी त्यांना अडविले. आधी ते घाबरले. मी तसा दिसतो. मग मी त्यांना पालथे पडायला लावले. मुलगी बराच वेळ उठलीच नाही.

विलास आता कोल्हापूरजवळच्या कारखान्यात आहे. मुलींच्या शाळेसाठी गेला. चतुर्थीला त्याचा फोन येतो. माटोळीत काय काय बांधले हे विचारतो, आणि शेवटी न चुकता म्हणतो, "काका, पालथं पडताय न्हवं?"

आभाराचे पत्र मला लिहिता येत नाही. प्रयत्न केला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि पुढे काय मागणी करावी हे सुचेना, कारण मागायचे काही नव्हते. ज्यांना लिहायचे त्यांच्या घरी असले पाकीट गेले असते तर ते न उघडताच घाबरले असते. म्हणून हा लेख. गोकुळदास, ज्याचा ध्वनिक्षेपक आजही नियमापेक्षा मोठा आहे, नायक बंधू, सुलभा, जिने नेवऱ्या अडवून धरल्या, ती अधिकारी बाई, जिने दोनदा विचारले, विलास, आनंदीबाय. मी तुम्हां सर्वांचा ऋणी आहे. यास उत्तर अपेक्षित नाही.

हे इतके लिहून झाल्यावर राहवेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे काठी घेऊन मी सड्यावर गेलो. तेरडा अजून कडेकडेनेच होता, परंतु खळग्यांत निळे धुके पसरले होते. फडके अंथरले, काठी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांची समजूत घालीत पालथा पडलो. ओठ, पांढरा ठिपका, दवाचा थेंब. सगळे आपापल्या जागी होते.

किती वेळाने तरी डोक्याजवळ पावले वाजली. आनंदीबाय होती, टोपलीत पहिली कवंडाळे.

"भाई, पडलंस काय रे?"

"नाही. बघतोय."

तिने टोपली खाली ठेवली आणि शेजारच्या दगडावर बसली. "बघ तर," ती म्हणाली. "उठतना हाक मार."